ट्रोम्सो ते लाँगयरब्येन : अंतर किती, वेळ किती?

ध्रुवीय प्रकाश पाहायला मुंबई-पुण्याहून निघालेले पर्यटक हल्ली नॉर्वेतल्या ट्रोम्सोपर्यंत सर्रास पोहोचतात. तिथं गेल्यावर काहींच्या मनात पुढचा बेत घोळायला लागतो. एवढं वर आलोच आहोत, तर स्वालबार्डलाही जाऊन यावं. फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात उत्तर मिळतं : अंतर सुमारे ९६० किलोमीटर, प्रवास साधारण एक तास चाळीस मिनिटं. मुंबई-चेन्नईपेक्षाही कमी! मग आज जाऊन उद्या परत, आणि परवाच्या विमानानं ओस्लोहून घरी, असं वेळापत्रक भराभर ठरतं.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांवर उभं केलेलं वेळापत्रक मात्र धोक्याचं आहे. मुंबईहून चेन्नईला निघालेल्या विमानाला वाटेत पुणे, हैदराबाद, बंगळुरू असे कितीतरी विमानतळ आसऱ्याला असतात. ट्रोम्सोचा किनारा सोडला की खाली फक्त समुद्र. मध्ये ब्योर्नोया नावाचं एक बेट लागतं, तिथं हवामान केंद्र आहे, पण प्रवासी विमान उतरेल अशी धावपट्टी नाही. त्यामुळे अतिउत्तरेकडच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ समजून घेताना आकडा कसा निघतो, त्यात काय धरलेलं असतं आणि काय धरलेलं नसतं, हे तिन्ही पाहावं लागतं.

अंतराचं गणित कागदावर करून पाहण्यासारखं आहे, कारण ते एकदा केलं की नकाशा पुन्हा फसवत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ट्रोम्सोचा विमानतळ सुमारे ६९ अंश ४१ मिनिटं उत्तरेला आहे, लाँगयरब्येनचा ७८ अंश १५ मिनिटांवर. फरक ८ अंश ३४ मिनिटं, म्हणजे ५१४ सागरी मैल, म्हणजेच ९५० किलोमीटरच्या किंचित वर. आता रेखांश. ट्रोम्सो १८ अंश ५५ मिनिटं पूर्वेला, लाँगयरब्येन १५ अंश २८ मिनिटांवर. फरक साडेतीन अंशांच्या आतबाहेर. मुंबईच्या अक्षांशावर एवढा फरक ३६० किलोमीटरचा झाला असता. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. ७४ अंशांवर, म्हणजे या प्रवासाच्या मध्यावर, तोच फरक जेमतेम १०६ किलोमीटर भरतो. काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम लावला की उत्तर ९६० च्या आसपास येतं. वर जाणारं विमान जवळजवळ सरळ उत्तरेला जातं, पश्चिमेकडे अगदी थोडं कलतं.

भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही. नेहमीचा चौकोनी जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात रेखांशाच्या रेषा शेवटपर्यंत समांतर ठेवलेल्या असतात, त्यामुळे उत्तरेकडचा प्रदेश ताणला जातो. ६० अंशांवर अंतर दुप्पट दिसतं, ७८ अंशांवर जवळजवळ पाचपट. फोनवरचे बरेच नकाशेही याच पद्धतीवर बेतलेले असतात. म्हणून बोटांनी किंवा पट्टीनं अंतर मोजायला जाऊ नये. नकाशात अंतर मोजण्याची जी सोय असते ती वापरावी, ती पृथ्वीची गोलाई धरून हिशेब करते. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरला तरी मार्ग कळतो.

हा ताण किती फसवा असतो ते १९२६ सालच्या एका प्रवासातून कळतं. रोआल्ड अमुंडसन, लिंकन एल्सवर्थ आणि उंबेर्तो नोबिले यांचं ‘नोर्गे’ हे हवाईजहाज ११ मे रोजी स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडहून निघालं, ध्रुवावरून गेलं आणि १४ मे रोजी अलास्कातल्या टेलर या वस्तीजवळ उतरलं. चौकोनी नकाशात ही दोन ठिकाणं पार दोन टोकांना दिसतात, एकाचा रेखांश १२ अंश पूर्व आणि दुसऱ्याचा १६६ अंश पश्चिम. प्रत्यक्षात ध्रुवावरून सरळ गेलं तर अंतर ४,००० किलोमीटरच्या आसपास आहे. नी-ऑलेसुंडपासून ध्रुव ११ अंशांवर, ध्रुवापासून टेलर पावणेपंचवीस अंशांवर. बेरीज केली की झालं. जहाजाला जवळपास तीन दिवस लागले, कारण हळू वेग, धुकं आणि कवचासारखा साचणारा बर्फ. नी-ऑलेसुंडला ते जहाज बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा आजही उभा आहे.

आता वेळ. इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ९६० ला विमानाच्या वेगानं भागलं की सुटलो असं वाटतं. बोइंग ७३७ चा वर गेल्यावरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. भागाकार सव्वा तासाच्याही आत येतो. मग वेळापत्रकात एक तास चाळीस मिनिटं कशी? वेळापत्रकातली वेळ ही हवेत घालवलेली वेळ नव्हेच. विमान जागेवरून हललं तिथून ते दुसरीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंतची ती वेळ असते. वैमानिक तिला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं येतं, कमी वेगानं वर चढणं येतं, उतरताना लांबून वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणं येतं.

जेट विमानासाठी कामचलाऊ ठोकताळा असा : किलोमीटरला ८०० नं भागावं आणि अर्धा तास मिळवावा. ट्रोम्सो-लाँगयरब्येनला तो एक तास बेचाळीस मिनिटं देतो. ओस्लो-लाँगयरब्येन सुमारे २,००० किलोमीटर, तिथं तीन तास. दोन्ही उत्तरं वेळापत्रकाशी जुळतात.

वारा यात दहा-पंधरा मिनिटांची उलथापालथ करतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ८३० चे ७३० होतात आणि हवेतला वेळ ६९ मिनिटांवरून ७९ वर जातो. तोच वारा पाठीमागून असेल तर ६२ मिनिटं. एवढ्या फरकानं कुणाचा बेत बिघडत नाही. बेत बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

जेटचा ठोकताळा छोट्या टप्प्यांना लागू पडत नाही, आणि उत्तर नॉर्वेत छोटे टप्पेच जास्त. फिनमार्क या टोकाच्या भागात वाद्सो आणि किर्केनेस ही दोन गावं वारांगेर फ्योर्डच्या दोन बाजूंना आहेत. त्यांच्या विमानतळांमधलं हवाई अंतर ४० किलोमीटरसुद्धा भरत नाही. रस्त्यानं जायचं तर फ्योर्डला अख्खा वळसा घालून १७० किलोमीटर. विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, त्यामुळे त्याला कमाल वेग गाठायला वावच मिळत नाही. भागाकारानं पाच मिनिटं येतात, लागतात पंधरा-वीस. पंख्याच्या डॅश ८ विमानासाठी किलोमीटरला ४५० नं भागून पंधरा मिनिटं मिळवणं जास्त खरं ठरतं.

वाट वाकडी असेल तिथं विमानाचं खरं मोल कळतं. ट्रोम्सो ते किर्केनेस सरळ रेषेत ४२५ किलोमीटरच्या आतच आहे, रस्त्यानं मात्र जवळपास दुप्पट, आणि हिवाळ्यात तो रस्ता काढायला सबंध दिवस कमी पडू शकतो. पण तिकीट काढताना एक गोष्ट नीट पाहावी : विमान थेट आहे की थांबे घेत जाणारं. विडेरो कंपनीची डॅश ८ विमानं एसटीच्या गाडीसारखी गावोगाव उतरत जातात, हामरफेस्ट, होनिंग्सवोग, मेहाम्न, बेर्लेवोग, बोत्सफ्योर्ड. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहिलेली असते, मधले थांबे बारीक अक्षरात असतात. अंतराच्या मानानं वेळ दुप्पट-तिप्पट दिसली की थांबे आहेत असं समजावं. ज्याला किनारा पाहायचा आहे त्याच्यासाठी हे थांबे मुद्दाम घ्यावेत असेच आहेत, खिडकीतून फ्योर्डामागून फ्योर्ड दिसत राहतात. ज्याला किर्केनेसला पोहोचून पुढची बोट गाठायची आहे त्यानं मात्र थेट विमानच शोधावं.

विमान कोणतं येणार हे धावपट्टी ठरवते. फिनमार्कमधल्या छोट्या गावांच्या धावपट्ट्या ८०० मीटरच्या आसपास आहेत, तिथं ३९ आसनांचं जुनं डॅश ८ उतरतं, मोठं जेट नाही. ग्रीनलँडची राजधानी नूकचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथली जुनी धावपट्टी हजार मीटरांहूनही आखूड होती. त्यामुळे कोपनहेगनहून येणारं मोठं विमान कांगेरलुसुआकला उतरायचं आणि प्रवासी तिथून डॅश ८ नं तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर दक्षिणेला नूकला जायचे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस नूकमध्ये २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनचं विमान थेट राजधानीत यायला लागलं. दोन शहरांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, एक अख्खा बदल मात्र प्रवासातून गेला. म्हणून उत्तरेकडच्या प्रवासाविषयी जुन्या पुस्तकात वाचलेल्या मार्गावर विसंबू नये.

उलटही होतं. नूक आणि कॅनडातलं इकालुइट ही जवळपास एकाच अक्षांशावरची दोन गावं, मध्ये सामुद्रधुनी, अंतर सुमारे ८२० किलोमीटर. जेटला दीड तास पुरावा. पण त्यांच्यामधली थेट सेवा आजवर सुरू होऊन बंद पडलेली आहे, आणि चालू असते तेव्हाही हंगामी. ती नसेल तेव्हा इकालुइटहून दक्षिणेला ओटावा किंवा माँट्रियल, तिथून अटलांटिक ओलांडून युरोप आणि मग परत पश्चिमेला ग्रीनलँड. ८२० किलोमीटरसाठी हजारो किलोमीटरांचा फेरा. उत्तरेकडचे हवाई मार्ग उत्तर-दक्षिण धावतात, प्रत्येक गाव आपापल्या देशाच्या दक्षिणेतल्या मोठ्या शहराला जोडलेलं असतं. पूर्व-पश्चिम शेजारी मात्र एकमेकांना दुरावलेले. नकाशात दोन ठिपके जवळ दिसले म्हणून बेत आखण्याआधी त्या दोन ठिपक्यांमध्ये, त्या महिन्यात, आठवड्यातून कितीदा विमान जातं ते पाहावं.

आता पुन्हा लाँगयरब्येनकडे. १९७५ मध्ये इथला विमानतळ सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद व्हायच्या आणि खाणकामगारांच्या या वस्तीचा जगाशी संबंध जवळपास तुटायचा. आज नियमित प्रवासी विमानं जिथं येतात असा हा जगातला सर्वांत उत्तरेचा विमानतळ. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, एका बाजूला फ्योर्ड, भोवती डोंगर. ती बारमाही गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की पृष्ठभाग खचतो, उंचसखल होतो आणि दुरुस्ती करावी लागते.

इथं उतरणं हे सपाट मैदानात उतरण्याइतकं सोपं नाही. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून आलेलं व्नुकोवो एअरलाइन्सचं तुपोलेव्ह विमान उतरायच्या तयारीत असताना ओपेराफ्येलेट या डोंगरावर आदळलं आणि विमानातले सर्व १४१ जण मृत्युमुखी पडले. त्यात बहुतांश स्वालबार्डमधले रशियन आणि युक्रेनियन खाणकामगार आणि त्यांचे कुटुंबीय होते. विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला सरकलेलं होतं. आज वैमानिकाला धावपट्टी ठरलेल्या उंचीवर दिसली नाही आणि त्यानं विमान वर उचललं, तर प्रवाशांनी कुरकुर करू नये.

थंडीचा आणखी एक परिणाम विमानातल्या उंचीदर्शकावर होतो. तो हवेच्या दाबावरून उंची सांगतो आणि १५ अंश तापमानाचा प्रमाण हिशेब धरतो. हवा खूप थंड असली की ती आकसते आणि विमान प्रत्यक्षात काटा दाखवतो त्याहून खाली असतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत डोंगरांच्या प्रदेशात उतरताना वैमानिकांना उंचीत भर घालून दुरुस्ती करावी लागते. कॅनडाच्या उत्तर भागात तर चुंबकीय होकायंत्रही भरवशाचं राहत नाही, कारण चुंबकीय ध्रुव जवळ. तिथल्या धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय उत्तरेऐवजी खऱ्या उत्तरेवरून ठरवतात. रेझोल्यूट बे हे त्यातलं प्रसिद्ध ठिकाण.

प्रवाशाच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं ते धुकं. उन्हाळ्यात थंड समुद्रावर ऊबदार हवा आली की स्वालबार्डवर धुक्याचा दाट थर बसतो, हिवाळ्यात हिमवादळं असतात. लाँगयरब्येनला उतरता आलं नाही तर जेटला जवळपास दुसरा पर्याय नसतो, ते वळून मुख्य भूमीवर परत येतं. त्यासाठी लागणारं इंधन निघतानाच भरलेलं असतं. म्हणजे ट्रोम्सोहून निघालेला प्रवासी तीन-साडेतीन तासांनी पुन्हा ट्रोम्सोतच उतरू शकतो. पुढचं विमान त्याच दिवशी असेलच असं नाही, आणि असलं तरी त्यात जागा असेल असं नाही, कारण आदल्या विमानाचे प्रवासीही रांगेत असतात.

इथून पुढचा सल्ला सरळ आहे. लाँगयरब्येनला किमान तीन रात्री धराव्यात. त्यातली एक रात्र गेली तरी सहलीचा अर्थ शिल्लक राहतो. परतल्यावर ट्रोम्सो किंवा ओस्लोमध्ये एक रात्र मोकळी ठेवावी आणि मगच भारतात परतणारं विमान घ्यावं. ट्रोम्सो, लाँगयरब्येन आणि भारत अशी तीन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शक्यतो सगळा प्रवास एका आरक्षणात बांधावा. ते जमत नसेल तर मधली रात्र दोन रात्रींची करावी. हॉटेलचं आरक्षणही असं घ्यावं की आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल, जरा महाग पडलं तरी.

सकाळचं विमान आणि संध्याकाळचं विमान असा पर्याय असेल तेव्हा सकाळचं घ्यावं. उशीर झाला किंवा परत यावं लागलं तरी उरलेला दिवस हाताशी असतो. पंखांवर बर्फ साचला असेल तर उड्डाणाआधी त्यावर गरम द्रव फवारतात, आणि दोन-तीन विमानं रांगेत असली तर त्यात वेळ जातो. घाई करण्यासारखं ते काम नाही.

कागदपत्रांत मराठी पर्यटक हमखास अडकतात ती जागा इथंच आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारानं हा द्वीपसमूह नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली आला, पण करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथं राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा समान हक्क मिळाला. भारत त्या करारात आहे. स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. मात्र स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे आणि तिथं जायची वाट नॉर्वेतून जाते. म्हणजे ट्रोम्सोहून वर गेलं की प्रवासी शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडला, आणि परत आला की पुन्हा आत शिरला. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना दारातच अडकायची वेळ येते. म्हणून अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि स्वालबार्डला जाण्याचं आरक्षण अर्जासोबत जोडावं. व्हिसा हातात आला की त्यावर प्रवेशांची संख्या काय छापली आहे ते तिथल्या तिथं वाचावं.

पासपोर्ट तपासणी ट्रोम्सोला होते. ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे लाँगयरब्येनला जाणाऱ्या विमानातही प्रवाशांना ट्रोम्सोला उतरून तपासणीतून जावं लागतं. तिकिटावर एकच विमान दिसतं म्हणून पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवून निर्धास्त बसू नये, हातात ठेवावा. परतीच्या वेळीही हीच तपासणी असते, त्यामुळे ट्रोम्सोला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर दोहोंमध्ये दोन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये.

विम्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. लाँगयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, तातडीचे उपचार तिथं होतात. गंभीर रुग्णाला हवाई रुग्णवाहिकेनं ट्रोम्सोच्या मोठ्या रुग्णालयात हलवतात. तिथं राहणाऱ्या गरोदर स्त्रियाही बाळंतपणाच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. म्हणजे ते ९६० किलोमीटर आजारपणातही तेवढेच, आणि हवामान वाईट असेल तर तेव्हाही वाट पाहावी लागते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी विम्याच्या कागदात दोन गोष्टी शब्दशः शोधाव्यात : स्वालबार्ड हा प्रदेश त्यात धरलेला आहे का, आणि हवाई मार्गानं रुग्ण हलवण्याचा खर्च मिळतो का. औषधं ठरलेल्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत आणि सगळी हातातल्या पिशवीत ठेवावीत.

हंगाम निवडताना उजेडाचा हिशेब करावा. लाँगयरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. ट्रोम्सोला हे दोन्ही काळ बरेच लहान. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य नसतो. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला ट्रोम्सोहून निघालेला प्रवासी दिवसाच्या उजेडात विमानात चढतो आणि दीड-पावणेदोन तासांत अशा ठिकाणी उतरतो जिथं सूर्य अजून परतलेला नाही. बर्फही हवा आणि उजेडही हवा असं म्हणणाऱ्यांसाठी मार्च-एप्रिल उत्तम. ध्रुवीय प्रकाशासाठी फक्त ट्रोम्सो पुरेसं आहे, त्यासाठी मुद्दाम स्वालबार्डपर्यंत जायची गरज नाही.

घड्याळाचा घोळ या मार्गावर नाही, नॉर्वे आणि स्वालबार्डची वेळ एकच. भारताशी फरक हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो. पण किर्केनेसहून फिनलंडमधल्या इवालोला जायचं असेल तर घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, आणि तिथून विमान पकडायचं असेल तर तो तास आधीच धरावा लागतो.

लाँगयरब्येनला उतरल्यावर विमानतळाबाहेर एक खांब दिसतो. त्यावर बाणांच्या पाट्या आहेत, प्रत्येकीवर एका शहराचं नाव आणि तिथपर्यंतचं अंतर. लोक तिथं थांबून फोटो काढतात. जवळच पांढऱ्या अस्वलापासून सावध करणारी त्रिकोणी पाटी असते आणि ती शोभेची नाही. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पिटाळण्याची साधनं जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. गाव काही किलोमीटरवरच असलं तरी चालत निघू नये. प्रत्येक विमानाच्या वेळेला बस उभी असते, ती हॉटेलांच्या दारात सोडते. पैसे कार्डानं देता येतात. वरच्या उतारावर जगभरातल्या बियाण्यांचं २००८ मध्ये सुरू झालेलं कोठार आहे, ते विमानतळाच्या इतक्या जवळ आहे की बसमधूनही त्याचं दार ओळखता येतं. आत जायला पर्यटकांना परवानगी नाही.

आणखी उत्तरेला जाणारा एक टप्पा आहे आणि त्याचा गोव्याशी थेट संबंध आहे. नी-ऑलेसुंड ही संशोधकांची वस्ती लाँगयरब्येनपासून हवाई मार्गानं ११० किलोमीटरवर. रस्ता नाही, स्वालबार्डमधल्या कुठल्याही दोन वस्त्यांमध्ये रस्ता नाही. तिथली धावपट्टी आखूड आणि खडीची आहे. लुफ्टट्रान्सपोर्ट ही कंपनी गेली अनेक वर्षं तिथं डॉर्नियर २२८ हे दोन पंख्यांचं छोटं विमान चालवत आली आहे. याच जातीची विमानं कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येही बनतात. प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ रोजी इथं सुरू झालं आणि त्याचं काम वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीय संशोधक हिवाळ्यातही तिथं राहायला लागले. गोव्यातून निघणाऱ्या संशोधकाच्या प्रवासात सगळ्यांत छोटा टप्पा हाच, आणि हवामानासाठी थांबावं लागण्याची शक्यता याच टप्प्यात सर्वांत जास्त.

या विमानात पर्यटकाला सहजासहजी जागा मिळत नाही, ती मुख्यतः संशोधक आणि तिथल्या कामगारांसाठी असते. पर्यटक उन्हाळ्यात बोटीनं जातात. विमानानं जाणाऱ्याला सामानाच्या वजनाचं बंधन कडक असतं, कारण छोट्या विमानात प्रत्येक किलो इंधनाच्या हिशेबात येतो. उपकरणं वेगळी, आधी, बोटीनं पाठवणं बरं. नी-ऑलेसुंडच्या आसपास रेडिओ लहरींवर बंदी आहे, तिथल्या संवेदनशील दुर्बिणींना अडथळा येऊ नये म्हणून. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा लागतो आणि वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. बिनतारी हेडफोन, मनगटी घड्याळ, कॅमेऱ्याचं बिनतारी बटण, हे सगळं यात आलं. निघण्यापूर्वी लाँगयरब्येनलाच घरी फोन करून दोन-तीन दिवस फोन लागणार नाही असं सांगून ठेवावं, आणि परतीचं विमान कधी आहे हे सांगताना तारखेपुढे ‘हवामान बरं असेल तर’ एवढं आठवणीनं जोडावं.